थेंब अजून पडतो आहे काय?



'गुहा' म्हटले की महाराष्ट्रातल्या मुलामुलींच्या डोळ्यांपुढे अजिंठा, वेरूळ, नाही तर कार्ले-भाजे उभे राहते. वास्तविक ती लेणी होत. माणसाने छिन्नी-हातोडा घेऊन काळ्या कातळात कोरलेली. आपला बहुतेक महाराष्ट्र बेसॉल्टचा, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्ह्याचा आहे आणि हा दगड चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे पाण्याने स्वतः कोरलेली भव्य गुहा पाहावयाची असेल, तर आपल्याला चुनखडीच्या मुलखात जावे लागते. आंध्र प्रदेशात अराकू खोऱ्याजवळ बोर्रा, त्याच राज्यात नंद्याल जिल्ह्यात बेलम, किंवा थेट मेघालयात. शाळा-महाविद्यालयांची एखादी सहल विशाखापट्टणमपर्यंत गेली की तेथून बोर्रा सुमारे नव्वद किलोमीटरवर असल्याने कार्यक्रमात तिचे नाव येतेच. अशा सहलींविषयी मला काही सांगावयाचे आहे. त्यात कौतुक थोडे आणि तक्रार बरीच आहे.

पहिली तक्रार विजेरीबद्दल. गुहेत शिरल्यावर वाटाड्या आपल्या विजेरीचा झोत एका खडकावर टाकतो आणि म्हणतो, "हे पाहा, शिवपार्वती!" झोत पुढे सरकतो. "ही मगर. ही ऋषीची दाढी. हा माणसाचा मेंदू." मुले "हो, हो!" म्हणतात, पुढच्या खडकाकडे धावतात, आणि पाऊण तासात सगळे बाहेर येऊन भजी खात असतात. वाटाड्याचा यात दोष नाही. त्याला आपण तेच विचारतो, म्हणून तो तेच दाखवितो. पण विचार करा. मगर पाहावयाची असेल तर मगर पाहावी. त्यासाठी एवढ्या लांब जाऊन मगरीसारखा दगड पाहण्यात काय मिळाले? एकदा एखाद्या आकाराला 'मगर' असे नाव दिले की आपले पाहणे तिथेच थांबते. तो आकार तसा का झाला, केव्हा झाला, अजून होत आहे की नाही, हे प्रश्न मनात येतच नाहीत.

गुहेत उभे राहून विचारण्याजोगा पहिला प्रश्न माझ्या मते एकच आहे: येथे थेंब अजून पडतो आहे काय?

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी तुमच्याच प्रयोगशाळेत जाऊ. चुन्याच्या निवळीतून कार्बन डायऑक्साइड वायू सोडला की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही केलेला आहे. वायूची परीक्षा झाली म्हणून बहुतेक जण तेथेच थांबतात आणि परीक्षानळी विसळून टाकतात. थांबू नका. वायू तसाच सोडत राहा. बऱ्याच वेळाने तो दुधाळपणा नाहीसा होऊन द्रव पुन्हा नितळ होतो. न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटचे विरघळणारे कॅल्शियम बायकार्बोनेट झालेले असते. आता हा नितळ द्रव तापवा. वायूचे बुडबुडे निघून जातात आणि द्रव तिसऱ्यांदा रूप पालटतो, पुन्हा दुधाळ होतो. मित्रहो, गुहेची सगळी कथा या नळीत आली.

पावसाचे पाणी मातीतून झिरपते. मुळांच्या आणि सूक्ष्म जीवांच्या श्वसनामुळे मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या दसपट, कधी शंभरपटही असते. तो वायू पोटात घेऊन पाणी किंचित आम्लधर्मी होते, चुनखडीच्या भेगांतून उतरते आणि उतरता उतरता दगड विरघळवीत जाते. ही परीक्षानळीतली दुसरी पायरी होय. हजारो-लाखो वर्षे हे चालले की भेगांची भुयारे होतात आणि भुयारांची दालने. पुढे दालनातले पाणी खाली ओसरते, तेथे हवा खेळू लागते. आता छतातून एखादा थेंब डोकावतो. त्याच्यात वायू पुष्कळ आहे, दालनाच्या हवेत त्या मानाने कमी. म्हणून वायू थेंबातून निसटतो आणि विरघळलेल्या चुनखडीला पाण्यात राहणे अशक्य होऊन ती कणाकणाने बाहेर पडते. ही तिसरी पायरी. पाणी वाळून चुना मागे राहतो अशी अनेकांची समजूत असते. ओलसर गुहेत बाष्पीभवन नाममात्रच चालते. मुख्य काम वायूच्या निसटण्याने होते.

थेंब पडण्यापूर्वी छताला लोंबत असताना त्याच्या कडेने चुनखडीचे एक नाजूक कडे उमटते. कड्याखाली कडे जोडले जाऊन आतून पोकळ अशी नळी होते. तिचा व्यास बहुधा पाचएक मिलिमीटर, म्हणजे लोंबणाऱ्या थेंबाएवढाच असतो. पृष्ठताण थेंबाला जेवढा मोठा होऊ देतो, तेवढीच नळी रुंद. नळी बुजली की पाणी तिच्या बाहेरून ओघळते आणि ती जाड होत जाते. खाली पडलेला थेंब मात्र आपटून फुटतो, पसरतो; म्हणून जमिनीवरून वाढणारा खांब जाड आणि बोथट डोक्याचा असतो. पाठ्यपुस्तकात या दोघांना अधोमुखी आणि ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतात. 'लवण' या शब्दाने फसून त्यांना मिठाचे खांब समजू नका. येथे तो रसायनशास्त्रातल्या क्षाराच्या अर्थाने आला आहे.

राहिली परीक्षानळीतली पहिली पायरी, निवळी दुधाळ होण्याची. तीही तुम्हाला पाहता येईल आणि त्यासाठी आंध्रात जावयास नको. पावसाळ्यात गळणाऱ्या जुन्या स्लॅबखाली, पाण्याच्या टाकीखाली किंवा एखाद्या पुलाखाली पांढऱ्या बारीक नळ्या लोंबताना दिसतात. सिमेंटमधला चुना पाण्यात विरघळून खाली येतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याची चुनखडी बनते. म्हणजे गुहेतला थेंब वायू सोडतो, तर स्लॅबखालचा थेंब वायू घेतो. दिसावयास नळी तीच! शिवाय सिमेंट मुळात चुनखडी भाजूनच केलेले असल्याने, दगड आपल्या मूळ रूपात परत जातो आहे असेही म्हणता येईल. फरक वेगाचा. स्लॅबखालची नळी एका वर्षात कित्येक सेंटिमीटर वाढू शकते. गुहेतली नाही.

गुहेतल्या वाढीचा वेग गुहेगणिक आणि थेंबागणिक बदलतो. पण अदमासासाठी वर्षाला एक दशांश मिलिमीटर धरावयास हरकत नाही. एक दशांश मिलिमीटर म्हणजे तुमच्या वहीच्या एका कागदाची जाडी. आता एक हिशेब करा. समजा, एका ठिकाणी दर पाच सेकंदांनी थेंब पडतो. मिनिटाला १२, दिवसाला १७,२८०, वर्षाला सुमारे ६३ लाख थेंब. या ६३ लाख थेंबांची कमाई एका कागदाएवढी! त्याच वेगाने साडेसात सेंटिमीटरचा, म्हणजे तुमच्या बोटाएवढा तुकडा तयार होण्यास ७५० वर्षे लागतील. आज पुरा झालेला तसा तुकडा छताला फुटू लागला तो साधारण ज्ञानेश्वरांच्या जन्माच्या सुमारास. सहलीहून परतताना कुणाच्या खिशात असा तुकडा निघाला तर तो 'आठवण म्हणून' आणलेला असतो. घरी तो पुस्तकांच्या कपाटात वर्षभर धूळ खातो आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर जातो.

तुकडा तोडणे वाईट, हे कुणालाही पटते. पण नुसता हात लावल्याने काय बिघडते, असे मला वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारते. तेलकट ताटावर पाणी टाकून पाहा. पाणी पसरत नाही, थेंब थेंब होऊन निसटते. आपल्या तळहातावर घामाबरोबर तेलाचा सूक्ष्म अंश असतोच. ओल्या, वाढत्या खांबावर हात फिरविला की त्या जागी पाण्याचा पातळ थर नीट बसत नाही, चुनखडी साचण्याचे काम बिघडते आणि धूळ मात्र चिकटते. ज्या गुहांत माणसांची वर्दळ असते तेथे हाताच्या उंचीवरचे खांब गुळगुळीत, काळपट झालेले दिसतात, तर त्याच दालनात हात न पोचणारे खांब स्वच्छ राहिलेले असतात. पुढच्या वेळी हा फरक मुद्दाम पाहा.

बोर्राच्या एका खांबाला लोक शिवलिंग मानून पूजतात. वरच्या भोकातून एक गाय आत पडली, तिला शोधताना गुराख्याला हे लिंग सापडले, अशी कथा तेथे सांगतात. पुष्कळ विज्ञानप्रेमी मंडळी अशा ठिकाणी नाक मुरडतात. माझे मत थोडे निराळे आहे. ज्याला आपण हात जोडतो त्याचा तुकडा आपण मोडून नेत नाही. गुहेचे नुकसान भाविकापेक्षा बेफिकीर माणूस अधिक करतो. मग तो विज्ञान शाखेचा पदवीधर का असेना.

हाताला आवर घालता येतो, श्वासाचे काय करणार? येथे भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मला थोडी आकडेमोड केल्यावाचून राहवत नाही. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता बाहेर टाकतो. चालणारा त्याहून अधिक. म्हणजे चाळीस विद्यार्थ्यांची एक तुकडी गुहेत शिरली की एक किलोवॉटच्या किमान चार शेगड्या आत नेल्यासारखे झाले. आपल्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे चार टक्के असतो, बाहेरच्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. शिवाय उच्छ्वासात बाष्प असते. मोठे तोंड असलेल्या, वारा खेळत्या दालनात हे सारे लवकर विरून जाते. पण अरुंद, कोंडलेल्या भागात दोन गोष्टी घडतात. हवेतच वायू वाढल्याने थेंबातला वायू निसटेनासा होतो, म्हणजे खांबाची वाढ मंदावते. आणि बाष्प गार भिंतीवर दवासारखे जमून त्यात हाच वायू विरघळला की ते आम्लधर्मी पाणी भिंतीलाच खाऊ लागते. परीक्षानळीतली तिसरी पायरी उलटून पुन्हा दुसरी सुरू होते.

हे पुस्तकी भय नव्हे. फ्रान्समध्ये लास्को नावाची गुहा आहे. १९४० साली तुमच्याच वयाच्या चार मुलांना ती सापडली. आत सुमारे सतरा हजार वर्षांपूर्वीची बैल, घोडे, हरिणे यांची चित्रे. वरच्या मातकट खडकाच्या थराने पाणी अडवून धरल्यामुळे त्या दालनांत थेंब फारसे गळत नव्हते, म्हणूनच ती टिकली होती. १९४८ मध्ये गुहा लोकांसाठी खुली झाली आणि पुढे रोज हजार-बाराशे माणसे आत जाऊ लागली. त्यांचा श्वास, त्यांची ऊब आणि दिव्यांचा उजेड यांनी सतरा हजार वर्षांत झाले नव्हते ते पंधरा वर्षांत झाले. भिंतींवर हिरवे शेवाळ चढले, मागोमाग चुनखडीचा पांढरा थर येऊ लागला. १९६३ मध्ये फ्रेंच शासनाने गुहा बंद केली. १९८३ पासून लोक पाहतात ती जवळच बांधलेली तिची प्रतिकृती. खरी गुहा आता सहलीला नाही.

शेवाळ आणि दिवा यांचा संबंध आपल्याकडेही पाहता येतो. अंधारात शेवाळ जगू शकत नाही. त्याला उजेड आपण पुरवितो. विजेच्या दिव्याभोवती ओल्या खडकावर हिरवट डाग दिसला तर समजावे की हा गुहेचा नाही, दिव्याचा रहिवासी आहे. माणसे असतील तेव्हाच दिवे लावणे हा साधा उपाय आहे. आणि दिवे लावावयाचेच तर ते रंगीबेरंगी कशाला? शुद्ध कॅल्साइट पांढरा किंवा पारदर्शक असतो. लोहाच्या संयुगांनी त्यावर तांबूस, पिवळसर पट्टे येतात. कोणत्या काळी पाण्याबरोबर काय वाहत आले ते या पट्ट्यांवरून कळते. तांबड्या वस्तूवर निळा प्रकाश टाकला तर ती काळी दिसते, हे तुम्ही प्रकाशाच्या धड्यात शिकलात. निळ्या-हिरव्या दिव्यांनी गुहा 'सजविणे' म्हणजे लिहिलेल्या पानावर रंग ओतणे होय.

पान हा शब्द मी सहज वापरला नाही. मेघालयात सोहरा, म्हणजे आपल्या भूगोलातले चेरापुंजी, याच्या जवळ मॉमलूह नावाची गुहा आहे. तेथल्या एका ऊर्ध्वमुखी स्तंभाचा उभा छेद घेऊन शास्त्रज्ञांनी त्याचे थर तपासले. थराचे वय कसे काढतात? पाण्यात युरेनियम अल्प प्रमाणात विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. म्हणून ताज्या थरात युरेनियम असते, थोरियम नसते. पुढे युरेनियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून थोरियम साचू लागते. ते किती साचले यावरून थराचे वय सांगता येते. आणि पावसाचे काय? ऑक्सिजनचे जड आणि हलके अणू पावसाच्या पाण्यात ज्या प्रमाणात असतात, त्याची खूण थेंबाबरोबर थरात उतरते. त्या प्रदेशात जोरदार मोसमी पावसाच्या काळातल्या थरांत जड ऑक्सिजन कमी आढळतो. मॉमलूहच्या स्तंभात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीच्या थरांत हे प्रमाण एकाएकी बदललेले दिसले. मोसमी पाऊस दुर्बळ झाल्याची ती नोंद होती. जगात इतरत्रही त्या सुमारास दुष्काळाच्या खुणा सापडल्या आहेत. २०१८ मध्ये भूवैज्ञानिकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने या थरापासून एका नव्या कालखंडाची सुरुवात मानली आणि त्याला 'मेघालयन' असे नाव दिले. तुम्ही-आम्ही आज ज्या भूवैज्ञानिक कालखंडात जगत आहोत, त्याचे नाव खासी टेकड्यांतल्या एका थेंबाच्या कामावरून पडले आहे!

आता सांगा, असा खांब पाहून "हा हत्तीच्या पायासारखा दिसतो" एवढेच म्हणणे पुरेसे आहे काय? पर्जन्यमापके बसविण्यापूर्वीच्या हजारो वर्षांचा पाऊस आपल्याला अशाच खांबांतून वाचावयाचा आहे. आणि कोणत्या खांबात काय लिहिले आहे, हे तो कापून तपासेपर्यंत कुणालाच सांगता येत नाही. मोडलेला खांब कोणता होता, हे नंतर कळून उपयोग नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की गुहेच्या सहलीनंतर 'निसर्गाची किमया' हा निबंध लिहावयास सांगू नये. त्याऐवजी गुहेत जातानाच मुलांच्या हाती वही, घड्याळ आणि तापमापक द्यावा. खडक उष्णतेचा मंदवाहक असल्याने उन्हाळा-हिवाळ्याची लाट दहा-पंधरा मीटर आत जाईपर्यंत जवळजवळ विरून जाते. म्हणून खोल, कोंडलेल्या गुहेतले तापमान त्या ठिकाणच्या वर्षाच्या सरासरीइतके असते. गुहा गारच असणार असे मुलांना वाटते. बेलममध्ये त्यांना घाम फुटतो, कारण तेथली सरासरीच मुळात चढी! मुखापाशी, मध्ये आणि शेवटी अशा तीन जागी नोंदी घेतल्या तर घरी येऊन काढावयाला आलेख मिळतो. एका मिनिटात किती थेंब पडले ते मोजता येते. शंभर मुलांचा तांडा एकदम आत नेण्यापेक्षा वीस-वीसच्या तुकड्या कराव्यात. बाहेर थांबलेल्यांना डोंगरावरची झाडे आणि माती पाहू द्यावी, कारण थेंबाची आम्लता तेथूनच येते. डोंगर उघडा पडला की खालचा थेंबही बदलतो, हे त्यांना तेथेच समजेल. आणि रखवालदार कबूल होत असेल तर एक मिनिट सगळे दिवे मालवून स्वस्थ उभे राहावे. बोलावयाचे नाही. अंधारात थेंबांचे आवाज वेगवेगळ्या दिशांनी येऊ लागतात आणि गुहेचा कोणता भाग चालू आहे, कोणता थांबला आहे, हे कानांना कळते.

जाता जाता एक गंमत. बोर्रा गुहा १८०७ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या विल्यम किंग यांनी शोधली, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ही संस्था स्थापन झाली १८५१ मध्ये! छापील मजकूरही थेंबासारखाच मोजून पाहावा लागतो. शिवाय गुहा 'शोधली' म्हणजे काय? आसपासच्या आदिवासींना ती ठाऊक नव्हती, असे मानण्यास मला तरी कारण दिसत नाही.

ज्यांना यंदा बोर्रा किंवा मेघालय गाठता येणार नाही, त्यांनी पावसाळ्यात आपल्या शाळेचा गळका जिना किंवा पाण्याची टाकी गाठावी. पांढरी नळी सापडली तर तिला हात न लावता शेजारी पट्टी धरून लांबी लिहून ठेवावी, मिनिटाला पडणारे थेंब मोजावेत आणि दर सोमवारी हेच करावे. नळीच्या टोकाचा थेंब टाचणीच्या डोक्याएवढा असताना आणि पडण्याच्या बेतात आलेला असताना, असा दोन्ही वेळा पाहून त्याची आकृती काढावी. मुख्याध्यापकांनी गळती दुरुस्त करण्याचे ठरविले, तर मात्र त्यांना अडवू नये.